पक्कड विहिरीत, चाकू खिशात

गेल्या मे महिन्यात जांबोटीजवळच्या एका विहिरीत माझी पक्कड पडली. साधी पक्कड असती तर हळहळलोही नसतो. भाच्यानं दुबईहून आणलेली, पक्कड, चाकू, करवत, कानस असं सगळं एकात असलेली मिटती लेदरमन वेव्ह प्लस होती, त्याच्या हिशेबानं १४ हजारांची. पंपाच्या पाइपच्या टोकाला बसवलेल्या फूटव्हॉल्व्हला गुंडाळलेला कुजका दोर कापायला वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातून ती सरकली. डुबुक्. कठड्यावर बसलेले शेतमालक शांतपणे म्हणाले, "गेली न्हवं? दोन पुरुष पाणी हाय ओ. आता राहू द्या तिला तिथंच."

राहू दिली नाही. चौथ्या दिवशी जुन्या स्पीकरचं गोल चुंबक नायलॉनच्या दोरीला बांधून गेलो आणि अर्ध्या तासात वर काढली. (स्टेनलेसला चुंबक लागत नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात. घरातल्या ताटवाट्यांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही असतं. पात्याचं स्टेनलेस वेगळं. धार धरावी म्हणून ते तापवून कडक केलेलं असतं आणि त्याला चुंबक चांगलं लागतं. नसतं लागलं तर ती पक्कड अजून जांबोटीच्या बेडकांकडेच असती.)

पण मला सांगायचंय ते मधल्या चार दिवसांबद्दल. चार दिवस वेव्ह नव्हती आणि माझं एकही काम अडलं नाही. पँटच्या खिशात व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा जुना लाल स्विस चाकू होता, डिकीत नेहमीची आठ इंची पक्कड होती. मग गेले दहा महिने मी पाव किलोचं धूड छातीवर कशासाठी वागवत होतो?

माझा धंदा पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचा आणि स्टार्टर दुरुस्तीचा. दुकान बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात, पण दुकानात बूड टेकायची सवड कमी. नंदगड, बिडी, जांबोटी, कधी पार कणकुंबीपर्यंत जातो; आईचं माहेर चंदगड तालुक्यात, त्यामुळं बाची-शिनोळीवरून तिकडच्या पाहुण्यांच्या मोटारीही माझ्याच गळ्यात. मोटारसायकलला डिकी आहे, तिच्यात हत्यारांची पिशवी. आणि खिशात रोज काहीतरी मिटतं हत्यार. गेल्या आठ-नऊ वर्षांत अशी पाच हत्यारं मी आळीपाळीनं वापरली. एक फसवं निघालं, एक विहिरीत जाऊन आलं, एक बंधूंनी लंपास केलं, एक आठवड्यातले चार दिवस मेव्हण्यांकडं असतं आणि एक आता हे लिहिताना टेबलावर आहे.

फसव्याचं आधी उरकतो. गोव्याला गेलो होतो तेव्हा रस्त्याकडच्या एका हातगाडीवर ३५० रुपयांना स्विस चाकूसारखा दिसणारा, लाल मुठीचा, पांढऱ्या क्रॉसचा, 'अकरा कामांचा' चाकू घेतला. घरी येऊन नारळाच्या काथ्याची गाठ सोडवायला त्यातला बाटलीचं बूच काढायचा स्क्रू घातला, तर तोच सरळ होऊन बाहेर आला. बाटली उघडायचं पातं वाकलं. कात्री कागद कापण्याऐवजी चावायची. क्रॉस तर नखानं खरवडला तसा निघून आला. तेव्हापासून मी चाकू घेताना क्रॉस बघत नाही. मोठं पातं उघडून त्याच्या बुडाशी कंपनीचं नाव कोरलंय का बघतो, मिटवून उजेडासमोर धरतो आणि पात्यांमधून आरपार फटी दिसतात का ते तपासतो, आणि शेवटी कानाशी नेऊन एकदा उघडझाप करतो. चांगल्या चाकूचा आवाज घट्ट असतो, 'टक्'. फसवा 'खळ्ळ' करतो. माझ्या सांगण्यावर विश्वास नसेल तर एकदा दोन्ही शेजारी ठेवून ऐका.

आता वेव्ह. विहिरीत पडली म्हणून तिला नावं ठेवणार नाही. मिटलेली असताना १० सेंटिमीटर, वजन २४१ ग्रॅम, उघडली की मधून निमुळत्या तोंडाची पक्कड निघते. वायर कापायची धार बोथट झाली तर ते दोन तुकडे स्क्रू काढून बदलता येतात, हे मला सगळ्यात आवडलेलं. चाकू, करवत, कानस ही पाती बाहेरच्या अंगाला आहेत. पक्कड न उघडता अंगठ्यानं एका हातानं उघडतात आणि उघडल्यावर खटका बसतो, त्यामुळं पातं बोटावर मिटत नाही. शिडीवर एक हात खांबाला असताना याची किंमत कळते. कंपनी २५ वर्षांची हमी देते.

हे हत्यार सुचलं कसं ती गोष्ट भाच्यानं सांगितली आणि मला ती पटली, कारण माझ्याही बाबतीत तसंच घडत आलंय. टिम लेदरमन हा अमेरिकेतल्या ऑरेगनचा गडी. १९७५ साली बायकोबरोबर जुनाट फियाट घेऊन युरोप फिरत होता. गाडी सारखी रुसायची, हॉटेलातले नळ गळायचे, आणि खिशात नुसता साधा चाकू. पक्कड असती तर, पक्कड असती तर, असं त्याचं सारखं व्हायचं. परत जाऊन त्यानं काम सुरू केलं आणि पहिलं हत्यार विकायला १९८३ उजाडलं. आठ वर्षं! आमच्याकडं वाइंडिंगला टाकलेली मोटार आठ दिवसांत नाही मिळाली तर गिऱ्हाईक दुकानासमोर खुर्ची टाकून बसतं.

तरी वेव्ह रोजच्या खिशातून गेली. का, ते डायरीनं सांगितलं.

विहिरीच्या प्रकारानंतर मी एक खुळेपणा केला. दुकानाच्या डायरीच्या शेवटच्या पानांवर महिनाभर रेघा ओढल्या. कोणतं पातं उघडलं, कशासाठी, आणि त्या वेळी हत्यारांची पिशवी कुठं होती. पहिल्या आठवड्यातच चित्र दिसायला लागलं. मोठं पातं सगळ्यात पुढं: पोत्याची सुतळी, पार्सलची टेप, सबमर्सिबलच्या चपट्या केबलचं वरचं आवरण, आंबे. त्याच्यामागोमाग कात्री. मग स्टार स्क्रूड्रायव्हर, मग चपटा. चिमटा माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. करवत महिन्यात दोनदा, तीही एकदा उगीच, हातात होती म्हणून.

पक्कड? पुष्कळदा लागली. पण जेव्हा जेव्हा लागली तेव्हा पिशवी शेजारी उघडीच होती आणि पिशवीतली पक्कड जास्त चांगली होती. लांब दांडे, वर रबर. चाकू-कात्री लागली तेव्हा मात्र पिशवी डिकीत, डिकी बांधापलीकडं आणि मी चिखलात. त्या दिवसापासून खिशातल्या हत्याराबद्दल माझा एकच प्रश्न आहे: पिशवी जवळ नसताना काय लागतं? जे पिशवीजवळच लागतं त्याचं वजन खिशानं का सोसायचं?

आणखी एक गोष्ट, आणि ती वायरमन लोकांनी तरी कानात घालून घ्यावी. वेव्ह असो की स्विस चाकू, यांच्या मुठीला विजेपासून संरक्षण नाही. वेव्ह तर अंगभर पोलाद. आमच्या मोटारींना ४१५ व्होल्टचा थ्री फेज असतो. खिशात सुंदर पक्कड आहे म्हणून माणूस तिनंच जिवंत वायरला हात घालतो, हा मोह मलाही झालाय. टेस्टरला पर्याय नाही. जगातल्या सगळ्या महागड्या चाकूंत मिळून जे नाही ते वीस-तीस रुपयांच्या टेस्टरमध्ये आहे. माझ्या शर्टाच्या खिशात आता वेव्हच्या जागी पुन्हा टेस्टरच असतो.

लाल चाकू म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सचा. आधी माझ्याकडं टिंकर होता, ९१ मिमीचा, वजन ६० ग्रॅमच्या आसपास. मोठं पातं, छोटं पातं, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, मागच्या बाजूला स्टार स्क्रूड्रायव्हर आणि टोच्या, मुठीत खोचलेला चिमटा आणि दातकोरणं. घेतला तेव्हा दोन हजारांच्या आतबाहेर पडला होता. हाच तो बंधूंनी लंपास केलेला. "चार दिवस वापरून देतो" म्हणाला, त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या. मागायला गेलो तर वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, त्यो आता माझ्या शिलाई मशीनच्या डब्यात असतोय. न्यायचा न्हाई." विषय संपला.

त्याच्या जागी घेतला सुपर टिंकर. तेच सगळं, वर कात्री आणि एक आकडा. आकड्याचा उपयोग पहिले सहा महिने कळला नाही. मग एकदा सिमेंटच्या पोत्याला बांधलेली बारीक दोरी बोटं कापत होती, ती आकड्यात अडकवून पोतं उचललं आणि कळलं. पण खरी गोष्ट कात्रीची. एवढीशी स्प्रिंगची कात्री, आणि वाइंडिंगचा इन्सुलेशन पेपर सरळ रेघेत कापते. स्लीव्ह कापते, सुती टेप कापते. घरी आईच्या गोळ्यांची पाकिटं, नंदिनी ब्रँडच्या दुधाची पिशवी, नातवाची नखं, लग्नसराईत हारांचे दोरे. चाकू मागायला माणसं बिचकतात. कात्री मागायला कुणी बिचकत नाही. एस.टी.त, देवळात, बँकेत, "ओ, जरा कात्री हाय काय?" असं विचारणारं कुणीतरी असतंच, आणि एकदा का तुमच्याकडं आहे हे कळलं की ते पुन्हा तुम्हालाच विचारतं.

डायरीत चिमटा अंदाजापेक्षा जास्त निघाला, त्याचं कारण सांगतो. पावसाळ्यात आमच्याकडं मुंग्या स्टार्टरच्या पेटीत शिरतात. बाहेर पाणी, आत कोरडं आणि कॉइलची ऊब, कुणाला नको? कॉन्टॅक्टच्या, म्हणजे एकमेकींना टेकून वीज जोडणाऱ्या टिकल्यांच्या, मध्ये चिरडून त्यांचा थर बसतो आणि मोटार उठत नाही. शेतकरी म्हणतो मोटार जळाली. मी मेन स्विच पाडतो, टेस्टर लावून खात्री करतो, चिमट्यानं मुंग्या काढतो, फडक्यानं पुसतो, आणि मोटार चालू. कधी पाल निघते, वाळून पापड झालेली. एकदा बिडीकडच्या आजोबांनी मला चिमट्यानं पाल ओढताना बघून कानडीत विचारलं, हे डॉक्टरचं की इक्कळ? इक्कळ म्हणजे आपली पक्कड. चाकूला मात्र दोन्ही भाषांत चाकूच म्हणतात, त्यामुळं त्या बाबतीत आमच्या भागात वाद नाही. (कॉन्टॅक्टवर काजळी दिसली म्हणून वेव्हची कानस मारू नका. वरचा थर चांदीच्या मिश्रणाचा असतो, तोच जातो. मी सुरुवातीला मारली आहे. गिऱ्हाइकाला नवीन सेट स्वतःच्या खिशातून घालून दिलाय.)

सुपर टिंकरच्या खोड्याही आहेत. स्टार स्क्रूड्रायव्हर मुठीच्या मध्यभागी मागं बसवलाय, उघडला की इंग्रजी टी होतो. जोर मस्त लागतो, पण खोलगट जागेतला स्क्रू असेल तर मूठच आडवी येते. अशा वेळी डबा उघडायच्या पात्याचं अरुंद टोक वापरायचं, ते लहान स्टार स्क्रूलाही बसतं. हे कंपनीनं मुद्दामच तसं ठेवलंय. बाटलीच्या पात्याला वायर सोलायची खाच आहे म्हणतात. मी तिच्यानं एकही वायर धड सोलली नाही. मोठं पातं तिरकं धरून पेन्सिल तासल्यासारखं सोला. गोल फिरवून कापाल तर तांब्यावर चीर पडते आणि सहा महिन्यांनी वायर बरोबर तिथंच तुटते.

दुसरी खोडी मोठी. पात्याला खटका नाही. मागच्या स्प्रिंगवर उघडं राहतं, उलटा जोर पडला की मिटतं. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या पाइपला भोक पाडायला मी पात्याचं टोक दाबलं, पातं मिटलं आणि तर्जनीला तीन टाके. चूक माझी. भोकासाठी टोच्या आहे, आणि तोही धारेच्या उलट बाजूनं दाबायचा नसतो. बायको त्यानंतर आठवडाभर चाकूला 'तुमचं ते लाल खेळणं' म्हणत होती. नंतर एके दिवशी गवारीच्या पिशवीची गाठ सुटेना तेव्हा तिनंच मागितलं, "ते खेळणं द्या की जरा."

मग खटक्याचा चाकू का नाही घेत, असं पोरं विचारतात. त्याचं उत्तर आमच्या भागात राहणाऱ्याला लांबलचक सांगावं लागत नाही. निवडणूक आली की राज्याच्या सीमेवर कोगनोळीला, बाचीला गाड्या थांबवतात. बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की तिथल्या विधानभवनाच्या, सुवर्णसौधच्या वाटेवर बंदोबस्त असतो. एकदा अशाच तपासणीत मला खिसे रिकामे करायला लावले. टेस्टर, मोबाइल, पाकीट, आणि वेव्ह. शिपायानं "इदु एनरी?" (हे काय हो?) म्हणून विचारलं आणि मी शहाणपणानं एका हातानं पातं झटकन उघडून दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. दहा मिनिटं धंदा सांगितला, पिशवी दाखवली, वाइंडिंगची वायर दाखवली, तेव्हा सुटलो. सुपर टिंकरच्या वेळीही थांबवलंय. मी दोन्ही हातांनी सावकाश आधी कात्री उघडली, मग चिमटा काढून दाखवला. तो म्हणाला, "सरी, होगरी." (बरं, जा.)

कायद्याचं म्हणाल तर शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, सुऱ्या वगैरे शस्त्रांत मोडतात, आणि घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्या त्यातून वगळल्या आहेत. आपला चाकू त्या मापाच्या जवळपासही नाही. पण रस्त्यावरचा माणूस पट्टी घेऊन उभा नसतो. तो तुमच्या हाताची चाल बघतो. जे हत्यार उघडायला दोन हात आणि एक नख लागतं ते बघून कुणी दचकत नाही, आणि मला दिवसभर अनोळखी लोकांच्या अंगणात, बायाबापड्यांसमोर काम करायचं असतं. मिरवणुकीत, सभेत, यात्रेत मी तोही नेत नाही. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, कितीही लहान असो. सांबऱ्याच्या विमानतळावर बेंगळूरच्या विमानाच्या वेळी माझ्या लक्षात आलं तेव्हा मोठी बॅग अजून आत गेली नव्हती म्हणून वाचलो.

पाचवं हत्यार व्हिक्टोरिनॉक्सचाच पायोनियर. सरळ सांगतो, चाकू म्हणून पाचांत हाच सगळ्यात चांगला. ९३ मिमी, मूठ प्लॅस्टिकची नाही, खडबडीत नक्षीच्या ॲल्युमिनियमची. पावसात, घामात, तेलकट हातात निसटत नाही. टोच्या इतका तिखट की चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडतो. पाती चारच आणि एकाही पात्याला नावं ठेवायला जागा नाही. स्विस सैन्यातल्या चाकूच्या घराण्यातला. त्या घराण्याची सुरुवातही गमतीची आहे: कार्ल एल्सनर नावाच्या माणसानं १८८४ साली इबाख गावात चाकूचा कारखाना काढला, आणि १८९१ पासून सैन्याला चाकू द्यायला लागला. सैन्याला नुसता चाकू नको होता. डबे उघडायला काहीतरी हवं होतं आणि नव्या रायफलीचे भाग सोडवायला स्क्रूड्रायव्हर हवा होता. म्हणजे ही सगळी चैन रायफल दुरुस्तीपासून सुरू झाली. व्हिक्टोरिनॉक्समधली व्हिक्टोरिया ही त्याची आई. बाकीचं 'इनॉक्स' म्हणजे न गंजणारं पोलाद.

आमच्या मेव्हण्यांना, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्यांना, ही गोष्ट सांगितली तर त्यांनी पायोनियर हातात घेतला, दोनदा उघडमीट केली आणि परत देताना पुरतं एक मिनिट घेतलं. तेवढ्यावरूनच मी समजायला हवं होतं. सध्या तो आठवड्यातले चार दिवस त्यांच्याकडं असतो.

पण पायोनियरला कात्री नाही, चिमटा नाही, वेगळा स्टार स्क्रूड्रायव्हर नाही. माझ्या डायरीतल्या रेघांपैकी निम्म्याहून अधिक रेघा त्या तिघांच्या. शेतकऱ्यानं, गवंड्यानं, सुतारानं पायोनियर घ्यावा. झाडपाला जास्त असेल तर त्याच घरातला फार्मर घ्या, त्याला करवत येते. इलेक्ट्रिकच्या, शिलाईच्या, पॅकिंगच्या माणसाला कात्रीवाला बरा. बुचाच्या स्क्रूचे जे प्रकार येतात, त्यांच्याकडं मी वळत नाही. दारू पिणाऱ्यांनाही आमच्याकडं बुचाची बाटली क्वचित दिसते. एक मान्य करायला हवं, त्या स्क्रूच्या पोटात चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर बसतो, आणि चाळिशी लागल्यापासून तो नसल्याची मला रुखरुख आहे.

चंदगडच्या मामांचा मात्र या सगळ्यावर विश्वास नाही. ते म्हणतात, नंदगडच्या बाजारात लोहाराकडून गाडीच्या पाट्याचा कोयता घे, आयुष्यभर पुरेल. खरं आहे. फणस फोडायला, नारळ सोलायला, ऊस तोडायला मी स्विस चाकू कधीच काढत नाही, त्याला इळा-कोयताच. मामांच्या वडिलांची चंची मी लहानपणी पाहिली आहे. अडकित्ता, चुन्याची डबी, बारकी सुरी, आणि एका कडीत ओवलेलं दातकोरणं, कानकोरणं आणि काटा काढायचा चिमटा. सुपर टिंकरच्या मुठीतून पहिल्यांदा चिमटा आणि दातकोरणं ओढून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "आणि कानकोरणं कुठं हाय?" नाही. कंपनीनं विचार करावा.

गंजाबद्दल लोक फार विचारतात, कारण आमच्या पश्चिमेच्या अंगाला पाऊस जबर. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं जुलैत घरातल्या भिंतीही घाम गाळतात. दोन पावसाळे सुपर टिंकर ओल्या पँटीत राहिला, पात्यांना काही झालं नाही. वेव्हचं चार दिवसांच्या पाण्यानं एवढंच झालं की करवतीच्या दातांत आणि कानशीत तांबूस ठिपके आले. गोडं तेल आणि जुना दातांचा ब्रश, अर्धा तास, बास. 'न गंजणारं' म्हणजे सहजी न गंजणारं, एवढाच त्याचा अर्थ. जास्त भीती पाण्याची नाही, चिकाची. फणसाचा चीक, कच्च्या काजूच्या टरफलातलं तेल. चंदगडला मामांकडं ओले काजूगर काढून दाखवायच्या नादात एकदा पात्यावर डाग पडले आणि बोटांची सालं गेली. चिकाचं काम असेल तर पात्याला आधी खोबरेल तेल लावा आणि काम झालं की लगेच पुसा. सांध्यात माती शिरली तर कोमट पाण्यात बुडवून पाण्यातच दहा वेळा उघडमीट करा, वाळवा, मग तेलाचा एक थेंब. लाल मुठीच्या चाकूला उकळतं पाणी नको.

धारेसाठी सायकलवरच्या धारवाल्याकडं देऊ नका. त्याचं चाक विळीला ठीक. बारीक पातं त्याच्यावर तापून निळं पडतं आणि मग धार टिकत नाही. या चाकूंचं पोलाद फार कडक नाही, त्यामुळं धार लवकर जाते हे खरं, पण लवकर येतेही. मी चहाचा कप उपडा घालतो, बुडाच्या खरखरीत कडेवर दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा ओढतो. दुकानासमोरच्या चहावाल्याला वाटतं मी त्याच्या कपाला नावं ठेवतोय.

घ्यायचा कुठून? बेळगावात खडे बाजारात आणि कॅम्पात विचारत फिरलात तर मिळतो, पण बिल मागा. बिल देताना जो कां कू करतो तिथून चहा पिऊन निघा. व्हिक्टोरिनॉक्स पोलादाच्या आणि बनावटीच्या दोषाला आयुष्यभराची हमी देते, आणि हमी मागायची वेळ आली तर बिल हाताशी असलेलं बरं. ऑनलाइन घेताना एकदा मला उघडलेलं खोकं आलं, आतल्या पात्यावर कुणाच्या तरी आंब्याचा सुकलेला रस. परत केलं, पैसे आले, पण पंधरा दिवस गेले. मी तर आता दुकानात जाऊनच घेतो. हातात धरल्याशिवाय कळत नाही. लहान हाताच्या माणसाला ९१ मिमीसुद्धा मोठा वाटतो. मुलीला मी ५८ मिमीचा क्लासिक घेऊन दिला, किल्ल्यांच्या कडीत असतो, कात्री त्यालाही आहे. ती हॉस्टेलवर आहे, मॅगीची पाकिटं आणि उसवलेले धागे एवढंच तिचं जग.

तर सध्याची व्यवस्था अशी: पँटच्या उजव्या खिशात सुपर टिंकर, शर्टाच्या खिशात टेस्टर, वेव्ह डिकीत, तिच्या कडीला हातभर नायलॉनची दोरी. विहिरीवर काम असेल तर दोरी मनगटाला. चुंबकही डिकीतच ठेवलंय, गेल्या महिन्यात त्यानं दुसऱ्या एकाचा पाना काढून दिला.

सुपर टिंकरचं दातकोरणं तिसऱ्यांदा हरवलं. त्या फटीत मी आता मोठं दाभण खोचायचा प्रयत्न करतोय, पण ते जाड होतंय. साडीची टाचणी बसते. ती बायकोच्या पेटीतली आहे आणि तिला अजून कळलेलं नाही.